सात महिने झाले, प्लॅन काही पास होईना. फाईल नक्की अडते कुठे?

मळ्यावरचा (धागा सुरू केला, २ एप्रिल)

मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. तीस बाय चाळीसचा प्लॉट, बेळगाव शहराच्या दक्षिण अंगाला. एन.ए. झालेला, ले-आउट मंजूर, ई-खातं (मिळकतीचा ऑनलाइन उतारा) माझ्या नावावर. घर साधंच, तळमजला आणि वर एक मजला. गणपती उठल्यावर, सप्टेंबरात, इंजिनिअरनं नकाशा ऑनलाइन चढवला. आज एप्रिल उजाडला. प्लॅन पास नाही आणि नामंजूरही नाही.

कार्यालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, फाईल अजून त्यांच्या हातात आहे. अकरा वेळा जाऊन आलो. टेबलावरच्या बाई भल्या आहेत, आता चेहऱ्यानं ओळखतात. दर वेळी एकच उत्तर, "नाळे बर्री", म्हणजे उद्या या. एकदा मी खरंच दुसऱ्या दिवशी जाऊन उभा राहिलो, तर त्यांनाच नवल वाटलं. इंजिनिअरला फोन लावला की तो म्हणतो, "होतंय की ओ, प्रोसेसमध्ये हाय."

बँकेचं कर्ज मंजूर आहे, पण शिक्का मारलेला नकाशा दाखवल्याशिवाय पहिला हप्ता सोडणार नाहीत. मंजुरीपत्राची मुदत एकदा संपली, वाढवून घेतली. गवंडी म्हणतोय, मृगाच्या आत जोतं वर आलं पाहिजे, नाहीतर या काळ्या मातीत पायाचे खड्डे तळी होतात आणि मग दिवाळीशिवाय हात घालता येत नाही. मृग निघतो ७ जूनला.

भाड्याच्या घरात आई, बायको, दोन पोरं आणि बांधकामासाठी आधीच आणून ठेवलेला सागवानी दरवाजा. तो दरवाजा हॉलमध्ये भिंतीला टेकवून उभा आहे. पोरं त्याच्यामागं लपंडाव खेळतात. कुणाचा अनुभव असेल तर सांगा, अशा वेळी नेमकं करायचं काय?


तिसरं गेट

अकरा वेळा हात हलवत गेलात की काही घेऊन गेलात? गंमत करतोय, मारू नका.


मळ्यावरचा

एकदा कुंद्याची मिठाई नेली होती. शुगर आहे म्हणाले.


गल्लीतला

तुमचं निदान प्लॉटचं आहे. आम्ही जुन्या गावात राहतो. घराची रुंदी अठरा फूट, लांबी सत्तरच्या घरात, दोन्ही बाजूंना सामाईक भिंती. पाडून बांधायचं म्हटलं तर नियमाप्रमाणं पुढं-मागं जागा सोडा, रस्तारुंदीची रेघ आत आली तर तीही सोडा. एवढं सोडल्यावर उरतो तो बोळ. त्यात उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव. वारसा लावायला गेलो तर सात नावं निघाली. एक आत्या पुण्यात, एक चुलतभाऊ दुबईत, एकाशी बोलणं नाही. सही कुणी द्यायची?

म्हणून आमच्या गल्लीत सगळे "दुरुस्ती" करतात. कौलं काढतात, स्लॅब टाकतात, पुढची भिंत तेवढी तशीच ठेवतात, कारण कागदावर ती दुरुस्ती आहे. बाहेरून १९५० सालचं घर, आत गेलं की व्हिट्रिफाइड टाइल्स. चूक आहे, मला कळतंय. पण सरळ वाट आमच्या बोळात मावत नाही.


सिव्हिलवाला

मी बावीस वर्षं हेच करतोय. सुरुवातीला ट्रेसिंग पेपरवर काढायचो, अमोनिया प्रिंटचा वास हाताला दोन दिवस राहायचा. आता ड्रॉइंग फाईल अपलोड करतो. तेव्हाची एक गोष्ट मात्र बरी होती. फाईल कुठल्या टेबलावर आहे ते दिसायचं. लाल दोरीची, कोपरा दुमडलेली, माझीच ती, लांबून ओळखायचो.

आता मळ्यावरचे दादा, नीट ऐका. "कार्यालय उशीर करतंय" हे अर्धवट वाक्य आहे. फाईल तीन ठिकाणी अडू शकते. कार्यालयाच्या टेबलावर, दुसऱ्या एखाद्या खात्याच्या ना-हरकतीसाठी, नाहीतर तुमच्याच इंजिनिअरच्या लॉगिनमध्ये. या तिसऱ्या जागेबद्दल कुणी बोलत नाही, कारण बोलणारे आम्हीच असतो.

अर्ज तुमच्या नावाचा असतो, पण लॉगिन इंजिनिअरचं. मोबाईल नंबरसुद्धा बहुतेक वेळा इंजिनिअर आपलाच टाकतो. कार्यालयानं काही त्रुटी काढली, म्हणजे "हे दुरुस्त करून पुन्हा पाठवा" म्हटलं, की तो आक्षेप त्या लॉगिनमध्ये जाऊन पडतो. कार्यालयाच्या लेखी त्यांचं काम संपलं. मालकाला पत्ता नाही. मालक जाऊन टेबलावरच्या बाईंना विचारतो, त्यांच्याकडे स्क्रीनवर नुसतं "प्रलंबित" दिसतं.

कबूल करतो, माझ्याकडूनही एकदा झालंय. चाळीस दिवस आक्षेप बघितलाच नव्हता. मालक तिकडं साहेबांशी भांडून आले, घसा बसला त्यांचा, आणि आक्षेप माझ्या कॉम्प्युटरवर. त्या घराच्या वास्तुशांतीला मी जेवायला गेलो नाही.

उद्या इंजिनिअरच्या ऑफिसात जाऊन बसा. फोन नको. अर्ज क्रमांक टाकून त्याच्याच स्क्रीनवर पहिल्या दिवसापासूनची सगळी हालचाल उघडायला लावा. आणि मोबाईल नंबर कुणाचा दिलाय ते बघा.


शिनोळीकर

आमच्याकडं बरं हाय म्हणायचं मग. मी तुमच्यापास्नं हाकेच्या अंतरावर, पण सीमेपलीकडं महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रानं सगळ्या राज्याला एकच बांधकाम नियमावली लावली (मुंबई आणि थोडे भाग सोडून). त्यात दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला परवानगीची वाटच बघायची नाही. कागद जोडायचे, शुल्क भरायचं, पावती घ्यायची आणि कामाला लागायचं. त्याच्या पुढं तीनशे मीटरपर्यंत दहा दिवसांत. तुमचा प्लॉट तीस बाय चाळीस म्हणजे एकशे अकरा मीटर. रस्ता ओलांडून इकडं आला असता तर आत्तापर्यंत स्लॅब पडला असता की गा!


तिसरं गेट

@शिनोळीकर, अण्णा, नियमावली आमच्या भावानं पण वाचली होती. सहा महिने झाले, तो अजून "कागद जोडायचे" या दोन शब्दांत आहे.


शिनोळीकर

ते खरं. मोजणीचा नकाशा मिळंना झालाय म्हणतात.


प्रशासक

सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, तो तिकडेच. इथं प्लॅनबद्दल बोला. कार्यालयांची आणि माणसांची नावं घेऊ नका.


वकिली चष्मा

कायदा काय म्हणतो ते लिहिते. हद्द सांगितलेली नाही, म्हणून महापालिका हद्द धरते. नगरपालिका, ग्रामपंचायत किंवा कॅम्प (लष्करी कॅन्टोन्मेंट) असेल तर कायदे वेगळे.

कर्नाटक महानगरपालिका अधिनियम १९७६. कलम ३०३ प्रमाणे बांधकामाच्या अर्जावर आयुक्तांनी तीस दिवसांत लेखी निर्णय द्यायचा, परवानगी द्या नाहीतर कारण देऊन नाकारा. नाकारायची कारणं कलम ३०५ मध्ये दिलेली आहेत, मनाला येईल ते कारण चालत नाही. आता बारीक अक्षर बघा. हे तीस दिवस अर्जाच्या तारखेपासून, किंवा मागितलेले जादा कागद आणि माहिती मिळाल्याच्या तारखेपासून. म्हणजे एक आक्षेप निघाला की घड्याळ थांबलं. तुम्ही उत्तर दिलंत की पुन्हा शून्यापासून. सिव्हिलवाल्यांनी सांगितलेली ती तिसरी जागा म्हणूनच वाईट. तिथं फाईल सात वर्षं पडली तरी कायद्याच्या हिशोबानं उशीर शून्य दिवस.

समजा कागद पूर्ण आहेत आणि तीस दिवस होऊनही उत्तर नाही, तर कलम ३०४. आयुक्तांनी होय किंवा नाही काहीच म्हटलं नाही तर तुम्ही स्थायी समितीकडे लेखी मागणी करायची. समितीनं तीस दिवसांत निर्णय घ्यायला हवा. तिनंही घेतला नाही तर परवानगी मिळाली असं धरलं जातं. यालाच मानीव परवानगी म्हणतात. फक्त बांधकाम नियमांच्या विरोधात असता कामा नये.


गल्लीतला

ताई, स्थायी समिती असायला नगरसेवक असावे लागतात. बेळगावात मार्च २०१९ ला सभागृहाची मुदत संपली, निवडणूक झाली सप्टेंबर २०२१ ला आणि महापौर बसले फेब्रुवारी २०२३ ला. मधल्या काळात मागणी द्यायची कुणाला? महापालिकेवर बसवलेल्या सरकारी प्रशासकाला. आणि त्याच्या हाताखाली कोण? तेच कार्यालय.


वकिली चष्मा

मुद्दा बरोबर आहे. आणि खरं सांगायचं तर मानीव परवानगीच्या जिवावर घर बांधलेला अशील मी बघितलेला नाही. कोर्टात ती ढाल म्हणून उपयोगी पडते, बँकेत नाही. बँकेला शिक्का हवा. शिवाय १७ डिसेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात वीज, पाणी, गटाराची जोडणी भोगवटा किंवा पूर्णत्वाचा दाखला बघूनच द्या असं स्पष्ट म्हटलं आहे. कागद नाही म्हणून पुढं मीटर अडला तर "मला मानीव मिळाली होती" हे मीटरवाल्याला समजावत बसा.

तरी अर्ज द्यायला मी सांगतेच. कलमाचा आकडा घातलेलं एक पानी पत्र आवक शिक्क्यासह दिलं की फाईल हलते. ती कलमामुळं हलते की शिक्क्यामुळं, देव जाणे.


कॅम्पातला

आमच्याकडं तर वेगळंच राज्य. कॅन्टोन्मेंट कायदा २००६. बोर्डानं महिनाभर उत्तर दिलं नाही तर रजिस्टर पोस्टानं आठवण द्यायची, आणखी पंधरा दिवस गप्प बसले तर मंजुरी समजायची. ऐकायला गोड. पण बंगल्याची जमीन मुळात कुणाची हा प्रश्न निघाला की पंधरा दिवस नाही, पंधरा वर्षं. मी आशा सोडलीय, कौलं बदलतो दर दोन पावसाळ्यांनी.


निपाणीची सून

सकाल कुणी लिहिलं नाही अजून? कर्नाटकाचा २०११ चा सेवा हमी कायदा, २०१२ पासून चालू आहे. पावतीवर पंधरा आकडी जी.एस.सी. नंबर आणि मुदतीची तारीख असते. उशीर झाला तर दिवसाला वीस रुपये भरपाई, जास्तीत जास्त पाचशे, आणि ती कामचुकाराच्या पगारातून.


तिसरं गेट

पाचशे रुपये! वहिनी, सात महिन्यांत पेट्रोलच दोन हजारांचं जाळलं असेल या माणसानं.


निपाणीची सून

भाऊजी, पाचशे तुमच्यासाठी नाहीत. पगारातून कापल्याची नोंद लागते, त्याची भीती. मात्र या भीतीचा उलटा परिणामही मी बघितलाय. आमच्या सासऱ्यांचा अर्ज (कुठला, कुठे, ते सांगत नाही) मुदतीच्या आदल्या संध्याकाळी नामंजूर झाला. कारण, "कागदपत्र अपूर्ण". कुठला कागद, ते नाही. तक्त्यात मात्र "मुदतीत निकाली". नवा अर्ज, नवी मुदत, तक्ता परत हिरवा. पहिलं अपील करा, फुकट असतं. आम्ही केलं, मग कळलं की घरपट्टीची चालू वर्षाची पावती हवी होती. एवढंच.


नाल्याकाठचा

सगळे कार्यालयाला धोपटताय, जरा उलटं बोलू द्या. ऑगस्ट २०१९ मध्ये बळ्ळारी नाल्याचं पाणी आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत आलं होतं. सिलिंडर तरंगत होता. का आलं? कारण वरच्या अंगाला शेतात गुंठ्या-गुंठ्यानं प्लॉट पाडले, बाँडवर विकले, पाणी जायची वाट बुजवली. तिथं कुणी नकाशा मागितला नाही, कुणी आक्षेप काढला नाही, सगळं अगदी वेळेत झालं. दहा दिवसांत परवानगी, पावतीवर परवानगी हे ऐकायला छान. माझ्या शेजारच्या जागेला कुणीतरी दोन वेळा येऊन लेव्हल बघितली असती तर मला तो उशीर चालला असता.


सिव्हिलवाला

नाल्याकाठच्यांचं बरोबर आहे, पण त्यांचा आणि मळ्यावरच्यांचा रोग एक नाही. मंजूर ले-आउटमधल्या तीस-चाळीसच्या घराची छाननी म्हणजे काय? चारी बाजूंची सोडलेली जागा, उंची, चटईक्षेत्र, रस्त्याची रुंदी, पार्किंग. अर्ध्या तासाचं काम. नाल्याकाठच्या जागेला वेळ लागलाच पाहिजे. होतं असं की दोन्ही एकाच रांगेत उभे. बंगळुरूत २०२४ मध्ये "नंबिके नक्षे" सुरू केलं, पन्नास बाय ऐंशीपर्यंतच्या घरांना नोंदणीकृत आर्किटेक्टच्या सहीवर आधी तात्पुरता नकाशा आणि तपासणी नंतर. नंबिके म्हणजे विश्वास. लहान घर बाजूला काढलं की साहेबांचा वेळ नाल्यासाठी उरतो. मला ती दिशा पटते. भीती एवढीच, की सही आमची आहे, आणि आमच्यातही सगळे काही संत नाहीत.

आणखी एक, इथल्या लोकांना माहीत आहे. डिसेंबरात सुवर्णसौधात (बेळगावच्या विधानभवनात) अधिवेशन असलं की अर्धी माणसं तिकडं ड्युटीवर. त्या महिन्यात फाईल हलेल असं मी मालकाला सांगतच नाही.


मळ्यावरचा (७ एप्रिल)

सापडलं.

सिव्हिलवाल्यांचं ऐकून काल इंजिनिअरकडं जाऊन बसलो. तो चहा मागवतो म्हणाला, मी म्हटलं आधी स्क्रीन. लॉगिन उघडलं. १९ नोव्हेंबरचा आक्षेप. नोव्हेंबरचा! कन्नडमध्ये तीन ओळी. मला कन्नड बोलता येतं, बाजारापुरतं, पण सरकारी कन्नड म्हणजे शाळेतला तिसऱ्या भाषेचा पेपर आठवला. समोरच्या झेरॉक्सवाल्या पोरानं वाचून दाखवलं. मंजूर ले-आउटमध्ये पुढचा रस्ता नऊ मीटर आहे, तुमच्या नकाशात साडेसात दाखवलाय, दुरुस्त करून पुन्हा सादर करा. बस्स. एक आकडा.

मोबाईल नंबर कुणाचा होता? इंजिनिअरकडं पूर्वी काम करणाऱ्या पोराचा. तो दिवाळीपासून गोव्यात आहे. सगळे मेसेज गोव्याला.

इंजिनिअर बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "माझ्याकडं अशा अजून किती असतील बघायला पाहिजे," आणि माझ्यासमोरच एकेक उघडायला लागला. आणखी दोन निघाल्या. त्यांचे मालकही कुठंतरी "नाळे बर्री" ऐकत असतील. मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो, पण शेवटी तो चहा पिऊन आलो.


तिसरं गेट

आणि कुंदा वाया गेला.


गल्लीतला

तरी एक विचारतो. सात महिन्यांत अकरा खेपा मारल्या, तर टेबलावरून एकदाही "अहो, तुमच्या इंजिनिअरकडं आक्षेप गेलाय" एवढं वाक्य आलं नाही? ते तर त्यांच्या स्क्रीनवर दिसतं ना? आणि आक्षेप मराठीतही दिला असता तर काय बिघडलं असतं? गंमत बघा, परवानगी हा शब्द दोन्ही भाषांत तोच आहे. अर्जाला ते अर्जी म्हणतात. दोन शब्दांपर्यंत जमतं, तिसऱ्या ओळीला अडतं.


प्रशासक

भाषेचा मुद्दा रास्त, पण इथंच थांबवा. मागच्या वेळी धागा कुलूपबंद करावा लागला होता.


सिव्हिलवाला

टेबलावरच्या बाईंना आक्षेप दिसतो की नाही हे त्यांना दिलेल्या हक्कांवर असतं, त्यांना दोष देऊ नका. पण मालकाचा नंबर सक्तीचा हवा, हे मी आता माझ्यापुरतं सुरू करतो. दुरुस्त नकाशा कधी चढवला?


मळ्यावरचा

उद्या सकाळी चढवतोय. रस्ता बदलला की पुढची सोडायची जागाही तपासावी लागली, ती सुदैवानं बसते. मोबाईल नंबर माझा घातलाय.


वकिली चष्मा

म्हणजे नवं घड्याळ ८ एप्रिलपासून. तीस दिवस, ८ मे. तेव्हाही उत्तर नसेल तर त्याच दिवशी समितीकडे मागणी, पुढचे तीस दिवस, ७ जून. मळ्यावरचे, सगळं अगदी कायद्याप्रमाणं गेलं तर तुमची मानीव परवानगी बरोबर मृगाच्या दिवशी पिकते.


शिनोळीकर

पाऊस आणि परवानगी एकदमच पडणार म्हणा की.


मळ्यावरचा (२७ एप्रिल)

थोडी प्रगती. काल माझ्याच मोबाईलवर मेसेज आला. नकाशा तांत्रिक छाननीतून पुढं गेलाय, शुल्काचं चलन निघालंय. त्यात लेबर सेस (बांधकाम मजुरांसाठीचा उपकर) म्हणून वेगळी रक्कम आहे, बांधकाम खर्चाच्या एक टक्का. हे माहीत नव्हतं. भरायचं का? चुलतभाऊ म्हणतो स्वतःच्या घराला लागत नाही.


सिव्हिलवाला

स्वतः राहण्यासाठीचं घर आणि एकूण खर्च कायद्यातल्या मर्यादेच्या आत असेल तर लागत नाही. ती मर्यादा नोव्हेंबर २०२५ पर्यंत दहा लाख होती, आता किती ते आधी विचारून घ्या. त्यात बसत नसाल तर भरून टाका, आणि पावतीवर अर्ज क्रमांक बरोबर आलाय का तेवढं बघा. एक आकडा चुकला तर काय होतं ते तुम्हाला आता सांगायला नको.


मळ्यावरचा

भरलं. आकडा तीनदा बघितला, बायकोनं चौथ्यांदा. गवंड्याला फोन केला तर तो सुळग्यात दुसऱ्याचं जोतं घेऊन बसलाय, वीस मेला मोकळा होतो म्हणाला. दरवाजा अजून हॉलमध्येच आहे.